आतल्या सगळ्या मालासह

अकोल्यात डाबकी रोडवर भागीरथाबाईचं घर कोणीही दाखवील, आणि दाखवता दाखवता हेही सांगेल की बाई मनानं मोकळी आहे, पण तिनं डूख धरला तर नागीण परवडली. नळाच्या पाण्यावरून ती एका शेजारणीशी अकरा वर्षं बोलली नव्हती. शेजारीण वारली तेव्हा भागीरथानं तिच्या घरी पिठलं-भाकरी नेली, रडणाऱ्या सुनांना बळंच जेवू घातलं, आणि घरी येऊन म्हणाली, "जेवू घातलं तं घातलं. चूक तिचीच होती."

पण हा किरकोळ डूख झाला. तिचा खरा डूख एकसष्ट वर्षं मुरलेला होता, आणि तो अमरावतीच्या एका मशीनच्या पोटात अडकला होता.

मशीन आली ती एकोणीसशे एकसष्टात. अंबापेठेतल्या कमलाकांत वकिलांनी मुंबईहून धूळ ओढायचं यंत्र आणलं. व्हॅक्यूम क्लीनर हा शब्द तेव्हा अख्ख्या पेठेत दोघा-तिघांच्या तोंडी बसला असेल. जर्मनीची मशीन, गडद हिरवी, आडव्या पिंपासारखी, खाली घसरायला दोन पट्ट्या आणि पुढं कापडानं मढवलेली लांब सोंड. ती सुरू झाली की फाटकाशी माणसं गोळा व्हायची. वकील आरामखुर्चीत बसून लोकांना माहिती सांगायचे, आणि मशीन ओढायची भागीरथाची आई, जयवंता.

जयवंता नांदगाव खंडेश्वरच्या कास्तकाराच्या घरची. नवरा गेला, दीर-जावांशी पटेना, म्हणून एकुलत्या पोरीला घेऊन अमरावतीला आली आणि वकिलांच्या घरी केरवारा, धुणीभांडी करू लागली. मशीन ती ओढायची आणि दर रविवारी मशीनच्या पोटातली कापडी पिशवी काढून मागच्या उकिरड्यावर झटकायचीही तीच. त्या घरात दुसरं कोणी केराला हात लावत नसे. चुकून लागला तर वकिलांची आई त्याला अंघोळीला पाठवायची. मशीन जर्मनीची असली तरी तिच्या पोटातला केर केरच होता, आणि तो जयवंताचा होता.

चौसष्ट सालच्या दसऱ्याआधीची गोष्ट. वकिलांची बायको तारा तेव्हा बावीस वर्षांची होती, बी.ए. झालेली. दुपारी दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लोळून वाचत पडायची. एका गुरुवारी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की एका कानातली कुडी नाही. माहेरची मोत्याची कुडी. घर खालीवर झालं. सासूनं विचारलं, दुपारी दिवाणखान्यात कोण कोण होतं? तारा म्हणाली, "मी होते, आणि नंतर जयवंता होती."

एवढंच म्हणाली. खोटं एक अक्षर नाही. पण कोणावर घाव घालायचा असेल तर कधीकधी खोटं बोलायची गरजच पडत नाही.

जयवंताची कनवटीला खोचलेली चंची उघडली, मागच्या खोलीतली पेटी उपडी केली. आठ वर्षांची भागीरथा पायरीवर बसली होती, तिची वेणी सोडून केसांत पाहिलं. कुडी मिळाली नाही. वकील म्हणाले, मी दयाळू माणूस आहे, पोलिसात देत नाही. त्यांनी एक कागद लिहिला, 'चोरी कबूल, पुन्हा या पेठेत कामाला येणार नाही', आणि जयवंताचा अंगठा निळ्या शाईत दाबून त्यावर उठवला. शाई अंगठ्यावरून चार दिवसांत गेली, पण मायलेकी त्या पेठेतून निघून अकोल्याला यायच्या आत ती गोष्ट नांदगाव खंडेश्वरला पोचली होती. पुढं भागीरथाची पहिली सोयरीक त्याच गावात मोडली. चोट्टीची पोर कोण करणार?

अकोल्यात जयवंतानं जन्मभर जिनिंगमध्ये कापूस निवडला. घरकाम पुन्हा कोणाच्या दारी केलं नाही. तिला एक खोड मात्र लागली. कोणाच्याही घरून निघताना ती उंबरठ्यावर थांबायची, पदर खांद्यावरून काढायची आणि दोन्ही हातांनी झटकून दाखवायची. हळदीकुंकवाला गेली तरी, बारशाला गेली तरी. लग्न झालेल्या लेकीच्या घरून निघतानाही झटकायची. भागीरथा चिडून म्हणायची, "माय, मी तुही लेक हावो." जयवंता म्हणायची, "असू दे. झटकलेला बरा." पुढं पुढं भागीरथालाही तीच सवय लागली आणि मग ती आईवर चिडेनाशी झाली.

भागीरथाचं लग्न अकोल्याच्या महादेवरावांशी झालं. बिचारे मोटार वाइंडिंगचं काम करायचे, कमी बोलायचे. तिनं एका मोठ्या खाजगी दवाखान्यात सफाईचं काम धरलं आणि सत्तावीस वर्षं केलं. त्याआधी एक गोष्ट आवर्जून केली, रात्रशाळेत जाऊन सही शिकली. अक्षरं पुष्कळ आली नाहीत, सही मात्र अशी वळणदार करते की डॉक्टरांनी लाजावं.

चौऱ्याण्णव साली त्या दवाखान्यात धूळ ओढायची मशीन आली. आठवड्यानं भागीरथानं तिची पिशवी पहिल्यांदा काढून झटकली. केस, कापूस, गोळ्यांची चांदी, आणि त्यात एका बाळंतिणीचं चांदीचं जोडवं. भागीरथा जोडवं हातात घेऊन तशीच बसून राहिली. इन्चार्ज बाईनं हाक मारली ती तिला ऐकूच आली नाही.

घरी येऊन तिनं आईला विचारलं, "माय, वकिलाच्या मशीनीची पिशवी कोन झाडे?"

"मीच. दर ऐतवारी."

"तुले काढलं तो वार कोनता?"

जयवंता ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला. "बिस्तरवार," ती म्हणाली. म्हणजे गुरुवार. मग पुन्हा ज्वारी निवडू लागली. "जाऊ दे. आता कोनाले सांगशील?"

भागीरथानं जाऊ दिलं नाही. पुढच्याच महिन्यात ती अमरावतीला गेली. कमलाकांत वकील व्हरांड्यात बसले होते, केस पांढरे, आवाज तोच. तिनं आईचं नाव सांगून मशीन पाहायला मागितली. वकील म्हणाले, "ती माळ्यावर पडली आहे. तुझ्या आईनंच बिघडवून ठेवली. ती गेली आणि महिन्याभरात मशीननं ओढणं सोडलं. कोणाला म्हणून तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं मी, स्वतः चालवत होतो." आणि आतून मशीनची फाईल आणून तिच्यातला तो कागद तिच्या नाकासमोर धरला. "हा अंगठा कोणाचा?"

भागीरथा उठली, फाटकाशी तिनं पदर झटकला आणि एसटीत येऊन बसली. मूर्तिजापूरपर्यंत ती एकटीच हसत होती. एवढा नावाजलेला वकील, आणि स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊन बसला होता. जयवंता गेल्यावर त्या घरात पिशवी झटकणारं कोणी उरलंच नव्हतं. वकिलांनी मोठ्या हौसेनं मशीन ओढली, पिशवी गच्च भरली, आणि मशीननं ओढणं सोडलं. म्हणजे त्या गुरुवारचा केर अजून आतच होता.

जयवंता नव्याण्णव साली गेली. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा तिला धड उभं राहवत नव्हतं, तरी तिनं नर्ससमोर अंगावरची चादर झटकली. भागीरथानं त्या दिवशी मनात गाठ मारली. आईला स्वर्ग मिळो न मिळो, वकिलाच्या घराला पाणी पाजल्याशिवाय आपण मरायचं नाही.

अमरावतीत महादेवरावांच्या नात्यातला जानराव भंगाराचा धंदा करायचा. भागीरथानं त्याला बजावून ठेवलं होतं की अंबापेठेतल्या वकिलांच्या घरून हिरवी मशीन निघाली तर ती फोडायची नाही, आधी मला सांगायचं. दर दिवाळीला ती फोन करायची. "निघाली काय?" "नाई निघाली, बाई." असं पंचवीस-तीस वर्षं चाललं. मधे महादेवराव गेले, कमलाकांत वकील गेले. भागीरथाला उंदरांची धास्ती होती. माळ्यावर उंदरांनी पिशवी कुरतडली असली, तर कुडी कुठल्या बिळात गेली असेल कोणास ठाऊक. मग कोणाला काय दाखवणार?

यंदा उन्हाळ्यात जानरावचाच फोन आला. "बाई, निघाली तुमची मशीन. पन भंगारात नाई देऊन राहिले. वकिलीणबाई तिच्यासाठी चांगलं घर पाहून राहिली, लेकीसाठी पाह्यतात तसं."

ताराबाई आता त्र्याऐंशीच्या. त्यांचा मुलगा केदार, तोही वकीलच, आईला घेऊन फ्लॅटमध्ये राहायला चालला होता. घरातलं बाकी सामान निघालं, पण नवऱ्याची आवडती मशीन भंगारात द्यायला ताराबाईंचा जीव होईना. केदारच्या मुलीनं, अदितीनं, पुण्याहून 'आजोबांची मशीन' नावाचा ग्रुप केला आणि चाळीस नातेवाईक त्यात घातले. रोज कोणीतरी जुनी आठवण टाकायचं. जयवंताची आठवण अर्थातच कोणाला आली नाही. एक कॅफेवाला मशीन शोभेला मागायला आला, त्याला ताराबाईंनी चहा पाजून परत लावला. नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्याचा मालक आला, त्यालाही नाही म्हणाल्या. म्हणे, वापरणारं घर पाहिजे, कदर असलेले हात पाहिजेत.

भागीरथा ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेली.

दिवाणखाना ओळखू येत नव्हता. गालिचा गेला होता, पांढऱ्या फरश्या आल्या होत्या. मशीन मधोमध ठेवलेली. भागीरथानं आधी तिच्यावरून हात फिरवला, मग सोंड दाबून पाहिली. ताराबाई निरखून बघत होत्या.

"तुम्हाला यातलं कळतं का?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस वर्सं दवाखान्यात हेच केलं, बाई. असल्या मशीनीचं पोट मले पाठ हाय."

केदारनं बटण दाबलं. मशीन घुमली. "मोटर फिरते बघा मावशी, पण ओढत नाही. बाबांनी फार खटपट केली होती."

"पाह्यतो मी," भागीरथा म्हणाली.

ताराबाईंनी मान डोलावली. "केदार, हिलाच दे. हिच्या हाताला सवय दिसते."

केदार बापाच्या वळणावर गेला होता. साधा चमचा द्यायचा तरी कागद केला असता. त्यानं दानपत्र लिहिलं. मशीन विकायची नाही, भंगारात द्यायची नाही, आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाला मशीनचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, म्हणजे आजोबांची मशीन सुखरूप आहे हे सगळ्यांना कळेल. त्यानं लगेच भागीरथाचा नंबर ग्रुपमध्ये घातला.

"आनखी एक लिवा, साहेब," भागीरथा म्हणाली. "हाय तशी देल्ली, आतल्या सगळ्या मालासकट, आन तिच्या कागदासकट."

केदार हसला. "आत काय असणार मावशी? धूळ असेल."

"धूळ तं धूळ. पन लिवा."

"तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," असं म्हणत त्यानं लिहिलं, 'आतल्या सगळ्या मालासह व संबंधित कागदपत्रांसह'. कपाटातून 'यंत्र' असं लिहिलेली बापाची फाईल काढली आणि न उघडताच तिच्या हाती दिली. ताराबाईंनी सही केली. भागीरथानं तिची वळणदार सही केली. घरी कामाला असलेल्या आरतीनं साक्षीदार म्हणून सही केली.

मग भागीरथा फतकल मारून खाली बसली आणि मशीनचं झाकण सोडवू लागली.

"अगं, इथं नको," ताराबाई म्हणाल्या. "मागच्या अंगणात ने."

"इथंच," भागीरथा म्हणाली.

गंजलेली खिटी चावीनं रेटून तिनं झाकण काढलं. पिशवी आत होती. उंदीर लागले नव्हते. पिशवी चामड्यासारखी कडक झाली होती. तिनं ती ओढून काढली आणि पांढऱ्याशुभ्र फरशीवर उपडी केली.

एकसष्ट वर्षांचा केर भसकन पडला. राखाडी ढीग झाला आणि त्याची धूळ उठून छतापर्यंत गेली. ताराबाईंनी नाकाला पदर लावला, केदार खोकत मागं सरकला. भागीरथा ढिगात बोटं घालून पाहू लागली. लांब केस, आगकाडी, शेंगांची टरफलं, हळकुंडाचा तुकडा. कुडी नव्हती. तिनं पुन्हा पाहिलं. नव्हती. आयुष्यभर जे धरून ठेवलं ते एवढंच होतं की काय? तिनं पिशवी उलटी केली आणि शिवणीचा कोपरा चाचपला. तिथं केसांचा घट्ट गोळा होऊन बसला होता. तो तिनं नखांनी फोडला.

मोती मळकट झाला होता, पण सोनं सोनंच होतं.

ताराबाईंचा हात आपोआप कानाशी गेला. मग म्हणाल्या, "जयवंता."

"जयवंताची लेक. भागीरथा. माह्यी वेनी सोडून पाह्यली होती तुमी."

केदारला काही उमगेना. पण मोती दिसला तसा त्यानं हात पुढं केला. "ही आईची आहे."

"होती. कागद वाचा, साहेब."

केदारनं कागद वाचला. स्वतःच लिहिला होता. वकील असल्यामुळं त्याला तो इतरांपेक्षा लवकर समजला.

"मी तिला चोर म्हटलं नव्हतं," ताराबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती खोलीत होती एवढंच म्हटलं."

"व्हय. तेवढंच म्हटलं. तेवढ्यावर माह्यी माय पस्तीस वर्सं लोकाइच्या दारात पदर झटकत राहिली. मी तुमाले माफ करासाठी नाई आली, बाई. तसं समजू नका." भागीरथानं फाईल उघडली, तो कागद काढून पालथा ठेवला. "याच्या पाठीवर लिवा, साहेब. जयवंतानं चोरी केली नव्हती, कुडी मशीनीत होती. मंग तुमची कुडी तुमाले."

केदारनं आईकडं पाहिलं. ताराबाईंनी साठ वर्षं डबीत जपलेली दुसरी कुडी त्याला ठाऊक होती. त्यानं मुकाट्यानं लिहिलं आणि पेन आईला दिलं.

"सही नाई," भागीरथा म्हणाली. "अंगठा."

"मावशी, आई बी.ए. आहे. तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिनं."

"मालूम हाय. अंगठा."

कपाटात जुनं शाईचं पॅड होतं. आरती ते घेऊन आली. ताराबाईंचा अंगठा भागीरथानं स्वतःच धरला, शाईत दाबला आणि कागदावर उठवला. जोर जरा जास्तच लावला असावा, कारण ठसा चांगला ठसठशीत उमटला.

"आता हा कागद तुमच्याजवळच राहू द्या," केदार म्हणाला. "घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी."

"माह्याच घरात राहीन तो," भागीरथा म्हणाली.

तिनं कुडी ताराबाईंच्या हातात दिली नाही. केराच्या ढिगावर ठेवली. आरती लगबगीनं झाडू घेऊन आली, तिला भागीरथानं दंडाला धरून थांबवलं. "तू नाई, पोरी. आतला माल माहा होता. कुडी या बाईले देल्ली, तसा केरही बाईलेच देल्ला."

जानरावची गाडी फाटकाशी उभी होती. मशीन काखेत धरून भागीरथा निघाली. उंबरठ्यावर सवयीनं तिचा हात पदराकडं गेला. पण हात मोकळा नव्हता, आणि मोकळा असता तरी तिनं पदर झटकला नसता. मागं वळून पाहिलं तेव्हा ताराबाई फरशीवर वाकून ढिगात बोटं घालत होत्या. घटकाभर का होईना, भागीरथानं ते डोळे भरून पाहिलं.

अकोल्यात मशीन झकास ओढते. सतरंजी, गाद्या, शेजारणींच्या घरचे सोफेसुद्धा. दानपत्राच्या सगळ्या अटी भागीरथा काटेकोर पाळते.

लक्ष्मीपूजनाला तिनं पाटावर केरसुणी ठेवली, शेजारी मशीन ठेवली, दोघींना हळदकुंकू लावलं आणि फोटो काढून 'आजोबांची मशीन' ग्रुपवर टाकला. मशीनमागच्या भिंतीवर दोन्हीकडून काच लावलेली एक फ्रेम आरशासमोर टांगली होती. तिच्यात पुढं ताराबाईंचा अंगठाही दिसत होता आणि आरशात मागचा जयवंताचाही. केदारच्या सुवाच्य अक्षरातली ओळ आरशात उलटी दिसायला नको म्हणून तिनं फ्रेमची ती बाजू पुढं ठेवली होती.

पहिल्यांदा नागपूरच्या कुठल्याशा आत्याबाईंनी विचारलं, "मशीनमागं काय लिहिलंय? जयवंता कोण?" मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. पाचव्या मिनिटाला केदारचा फोन आला.

"मावशी, तो फोटो आधी काढून टाका."

"काहून?" भागीरथा म्हणाली. "अट तं तुमचीच हाय, साहेब. दरसाल फोटो टाका लागते. पुढच्या दिवाळीले आनखी जवळून काढतो."